करमंना

समुपदेशन शिकताना व्हर्बेटिम, म्हणजे सत्रातल्या संवादाची शब्दशः नोंद, ठेवावी लागते. तिच्या वहीत चार रकाने आखायचे असतात. पहिल्यात समोरचा माणूस काय बोलला ते, दुसऱ्यात आपण काय बोललो ते, तिसऱ्यात त्या वेळी आपल्या मनात काय चाललं होतं ते, आणि चौथ्यात आता शांत बसून विचार केल्यावर काय बोलायला हवं होतं ते. सत्र संपलं की त्याच दिवशी, आठवेल तसं, शब्दाला शब्द लिहायचं. माझ्या पहिल्या व्हर्बेटिममध्ये सातव्या ओळीला समोर बसलेल्या मुलाचं वाक्य आहे: ‘मला हितं करमंना.’ त्यापुढे तिसऱ्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘बोअरडम. कुस्तीत रस राहिलेला नाही.’ आमच्या पर्यवेक्षक मॅडमनी ‘करमंना’भोवती लाल पेनानं गोल काढला होता आणि समासात दोनच शब्द लिहिले होते, ‘विचारलंस का?’

मी विचारलं नव्हतं. मला कळलंय असं मी धरून चालले होते.

मी कोल्हापूरचीच. मंगळवार पेठेत वाढले, शाहूपुरीत दिली. करमणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. लग्नानंतरचा पहिला श्रावण मी सासरच्या गच्चीवर उभी राहून काढला. माहेर रिक्षानं दहा मिनिटांवर, आणि तरी करमत नव्हतं. म्हणजे मला कंटाळा आला होता का? घरात अकरा माणसं होती, बसायला फुरसत नव्हती. कंटाळा यायला रिकामा वेळ लागतो. न करमायला तो लागत नाही, भरल्या घरात तर ते जास्तच जाणवतं. हे सगळं अंगानं ठाऊक असलेली मी, हातात वही आल्याबरोबर इंग्रजी शब्दाकडे धावले. दोन वर्षांच्या अभ्यासात मला जे सापडलं त्यातलं बरंचसं त्या लाल गोलात आहे, म्हणून हे लिहितेय. त्या मुलाला विचारून लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे, शब्द तेवढे त्याचे ठेवले आहेत.

या अभ्यासाकडे मला वळवलं ते २०१९ च्या पुरानं. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट, म्हणजे अंदाज यावा. हायवे बंद, गावात दूध नाही, पेट्रोल नाही. मी नोकरी करत होते ती पतसंस्थाही बंद होती. गल्लीतल्या बायका मिळून आम्ही एका शाळेतल्या छावणीत भाकऱ्या पोचवत होतो. तिथं नदीकाठच्या एका गावातून आणलेली एक मावशी भिंतीला टेकून बसलेली असायची. गोठ्यात म्हैस राहिली होती, चंद्री नावाची. दावं सोडायला मागं फिरलेल्या मुलाला बोटीतल्या लोकांनी ओढून आणलं होतं, आणि दावं सुटलं की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. मावशी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत फिरवून हवेतच गाठ सोडून दाखवायची. ‘आसं सोडायचं हुतं. आसं. एका झटक्यात सुटती ती गाठ.’ परत पहिल्यापासून.

मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, ‘मावशी, पोराचा जीव वाचला हे काय कमी आहे? म्हैस दुसरी घेता येईल.’

तिची बोटं थांबली. तिनं पदर पुढं ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तीन दिवस ती माझ्या हातून भाकरी घेत राहिली, बोलली मात्र नाही.

मी वाईट बोलले नव्हते. गल्लीतली कुणीही बाई हेच बोलली असती, आणि खरंच दुसरी म्हैस घेता येते. तरीही त्या बोटांचं थांबणं माझ्या मनातून जाईना. पुढं अभ्यासात मानसिक प्रथमोपचाराचा धडा आला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये याची एक मार्गदर्शिका काढली, तिचं सूत्र इंग्रजीत तीन शब्दांचं आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. संकटातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाला खोदून विचारू नका, सांगायला भाग पाडू नका, पण तो आपणहून सांगत असेल तर ऐका, आणि त्याला ज्याची गरज आहे त्याच्याशी त्याची गाठ घालून द्या. मावशीला गरज होती ती गावाकडे बोट घेऊन जाणाऱ्या कुणा पोराची, जो परत येऊन सांगेल की गोठ्यात काय दिसलं. अशी पोरं त्या छावणीच्या दारात रोज उभी होती. मी त्यांना चहा देत होते.

प्रवेश घेतला तेव्हा चाळिशी आली होती. वर्गात बाकी सगळ्या विशीतल्या मुली, दोन मुलगे, आणि माझ्याखेरीज एक निवृत्त शिक्षक. मुली मला ताई म्हणायच्या. बी.ए.ला मानसशास्त्र घेऊन वीस वर्षं झाली होती, त्यातलं प्रॅक्टिकल तेवढं लख्ख आठवत होतं, आणि प्रयोगशाळेत पाऊल टाकलं तर कपाटात तीच साधनं. आरशात बघून चांदणी गिरवायचा प्रयोग तुमच्यापैकी काहींनी केला असेल. हात पडद्याआड असतो, समोर आरसा, आणि दुहेरी रेषेच्या चांदणीतून पेन्सिल रेषेला न लागता न्यायची. डोळ्याला दिसतं वर, हात जायला पाहिजे खाली. पहिल्या फेरीत पेन्सिल कोपऱ्यावर अडकते आणि तिथंच घासत राहते. कागद फाटेपर्यंत माणूस त्याच दिशेला जोर लावतो. पुढच्या आठवड्यात संवादकौशल्यांचा सराव सुरू झाला आणि मला वाटलं, हा तोच प्रयोग आहे. समोरचा दुःख सांगतोय आणि माझी जीभ वळण सोडून सवयीच्या दिशेला जोर लावतेय: असं कर, तसं कर, एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

यात आमच्या भाषेचाही वाटा आहे. ‘समुपदेशन’ हा शब्द पाहा. त्याच्या पोटातच उपदेश आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या सुमारास याच गोष्टीशी झगडा मांडला. सल्ला देणारा शहाणा आणि घेणारा अडाणी, ही मांडणीच त्यांना मान्य नव्हती. माणसाला ‘पेशंट’ म्हणायचं त्यांनी टाळलं आणि ‘क्लायंट’ म्हटलं. १९५७ मध्ये त्यांनी लिहिलं की माणूस बदलायला मदत होते ती समुपदेशकाच्या खरेपणानं, विनाअट स्वीकारानं आणि समोरच्याचं जग त्याच्या आतून जाणून घेण्यानं. आमच्याकडे मराठीत या शास्त्राला नाव मिळालं तेच मुळी उपदेशाला ‘सम्’ लावून. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी वाचून आत येणारा माणूस सल्ला घ्यायलाच येतो, त्याची काय चूक? ‘क्लायंट’लाही आम्हाला मराठी शब्द सापडेना. पक्षकार वकिलाचा, गिऱ्हाईक दुकानाचं, लाभार्थी सरकारी योजनेचा. वर्गात शेवटी आम्ही ‘समोरचं माणूस’ म्हणायला लागलो. मला तो अजूनही सगळ्यात योग्य शब्द वाटतो.

उलट काही ठिकाणी मराठी इंग्रजीच्या पुढे जाते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे चांगली रुजली. मुंबईत कि. मो. फडके यांनी ती वर्षानुवर्षं शिकवली, ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं ती मराठी घरांत नेली. एलिस म्हणतात, माणसाला छळतात त्या इच्छा नसतात, इच्छांचे झालेले हट्ट छळतात. इंग्रजीत हे समजावायला त्यांना ‘मस्ट’ आणि ‘शुड’ यांवर पानंच्या पानं लिहावी लागली. मराठीत तो हट्ट एका अक्षरात उभा असतो. ‘पोरगं पास झालं पाहिजे’ आणि ‘पोरगं पास झालंच पाहिजे.’ तो ‘च’ ऐकायला शिकणं हा आमचा आवडता सराव होता. बसमध्ये, लग्नात, सासूबाईंच्या फोनवर, जिथं तिथं मला च ऐकू यायला लागले, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या बोलण्यात.

आता एका मुलीबद्दल. हे तिनंच लिहा म्हणून सांगितलंय.

कौशल्यांचा सराव तिघांत करायचा असतो. एक समुपदेशक, एक समोरचं माणूस, एक निरीक्षक. समोरच्यानं नाटक करायचं नाही, स्वतःची खरी पण झेपेल एवढी गोष्ट आणायची. त्या दिवशी निरीक्षक मी होते. राधानगरीकडची ही मुलगी, आजीबद्दल सांगत होती. बारावीच्या परीक्षेत आजी वारली आणि पेपर संपेपर्यंत घरच्यांनी तिला कळवलंच नाही. ती छान, स्वच्छ बोलत होती. ‘मी त्या वेळी खूप डिस्टर्ब झाले होते. मी घरच्यांना समजून घेतलं. मी रडले, पण नंतर सावरले.’ समुपदेशक झालेल्या मुलीला पुढं काय विचारावं सुचलं नाही, म्हणून ती गप्प बसली. दहाबारा सेकंद गेली असतील. वर्गात दहा सेकंद फार मोठी असतात. मग ती मुलगी खाली बघत म्हणाली, ‘लई रडलो ओ मी. न्हाणीत जाऊन रडलो. नळ सोडून रडलो, आवाज जाऊ नये म्हणून.’

बाहेरच्यांना सांगायला हवं, आमच्या भागात बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असंच म्हणतात. माझी आई आजही म्हणते. शाळेत गेलं की ते पुसलं जातं. ‘आले, जेवले’ म्हणायला शिकवतात, आणि पुण्याकडच्या पाहुण्यांसमोर आपण ते कटाक्षानं पाळतो. ‘रडले’ म्हणाली तोवर ती मुलगी आम्हाला उत्तर देत होती. ‘रडलो’ म्हणाली तेव्हा ती त्या न्हाणीत होती. माझ्या हातातल्या निरीक्षणाच्या तक्त्यात बसण्याची पद्धत, नजर, खुले प्रश्न, भावनेचं प्रतिबिंबन यांसाठी चौकोन होते. या एका ‘लो’साठी कुठं खूण करायची ते मला कळेना. मी कडेला वेळ लिहून ठेवली: सहा मिनिटं चाळीस सेकंद.

त्यानंतर मी माझ्यापुरती एक छोटी वही केली. त्यात लोक आपलं आतलं दुखणं कसं सांगतात ते जसंच्या तसं टिपायचं. डोस्कं सुन्न पडलंय. पोटात कालवतंय. घास उतरंना. जीव वरखाली व्हतोय. कशात ध्यान लागंना. कुणाचं बोलणं जिवाला लागलंय. मन उडालंय. अंगात जीवच न्हाई. पुस्तकातल्या ‘नैराश्य’ आणि ‘चिंता’ या शब्दांनी आमच्याकडे कुणी आपलं दुखणं सांगत नाही. हे शब्द आमच्या तोंडी येतात ते वर्तमानपत्राबद्दल बोलताना. नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात, गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला असं विचारणारी. चांगलं साधन आहे, मराठीतही आहे. एका आजीला मी ती वाचून दाखवत होते. प्रत्येक प्रश्नाला ‘छ्या, तसलं काय न्हाई बाई.’ सगळीकडे शून्य. मी आभार मानले, त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, चप्पल शोधता शोधता पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘जीव नकोसा झालाय बघ आता.’ आम्ही परत बसलो. पाऊण तास बसलो, आणि त्या दिवशी त्यांना घरी एकटं पाठवलं नाही.

धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवून घेतली, हे आम्हाला परीक्षेपुरतं शिकवलं जातं. मला त्यामागची तळमळ फार मोठी वाटते. आपल्या शेजारच्या मुलखातल्या एका माणसाला वाटलं, इथल्या पोराला त्याच्या भाषेत विचारल्याशिवाय त्याची बुद्धी कळणार नाही. दुःखाचं काय? त्यालाही ते लागू नको का?

नजरेचंही तसंच. समोर चौरस बसा, किंचित पुढं झुका, डोळ्यांत डोळे घालून ऐका, असं शिकवतात. आमच्या मॅडमनी ते शिकवलं आणि नंतर संध्याकाळी रंकाळ्याला जाऊन बघून या म्हणाल्या. गेलो. कठड्यावर माणसं जोडीजोडीनं बसलेली, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. एकमेकांकडे कुणी बघत नव्हतं. पन्नाशीचे दोघं जण, एकाच्या हातात भडंगाचा पुडा, मधूनच एक जण काहीतरी बोलायचा आणि दुसरा पाण्याकडे बघतच मान हलवायचा. किती वर्षं माणसं अशी शेजारी बसून मनातलं बोलत आली असतील! दुसऱ्या दिवसापासून आमच्या सरावाच्या खोलीतल्या खुर्च्या समोरासमोरून हलल्या आणि काटकोनात आल्या. पदर सावरत येणाऱ्या बायका आणि वयानं मोठे पुरुष त्या खुर्च्यांवर जास्त सैल बसतात, हा माझा तरी अनुभव आहे.

पुन्हा त्या मुलाकडे. अकरावीत, जूनमध्ये गावाकडून तालमीत राहायला आलेला. सकाळी तालीम, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा तालीम. वर्गात झोपतो म्हणून सरांनी आमच्या समुपदेशनाच्या खोलीत पाठवलं. पहिल्या भेटीत मी नियमाप्रमाणे सांगितलं की इथं बोललेलं इथंच राहील. तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल, तर मात्र मला सांगावं लागेल. शेवटच्या बाबतीत २०१२ चा पॉक्सो कायदाच तसं बंधन घालतो. त्यानं विचारलं, ‘म्हंजे वस्तादास्नी न्हाई न्हवं सांगणार?’ नाही म्हटलं. मग तो म्हणाला ते सातव्या ओळीचं वाक्य. आणि अकराव्या ओळीवर, दुसऱ्या रकान्यात, मी बोललेलं आहे: ‘कुस्ती आवडत नसेल तर वडिलांना स्पष्ट सांगायला हवं. तू घाबरू नकोस.’ बाराव्या ओळीवर तो म्हणतो, ‘बरं मॅडम.’ पुढच्या गुरुवारी तो आला नाही.

तो न आलेला गुरुवार मी खोलीत बसून काढला. एक खुर्ची रिकामी, भिंतीवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहिलेला कागद, बाहेर मैदानावर शिट्ट्या. मावशीची बोटं आठवली. पर्यवेक्षणात मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘तुझी घाई कुणासाठी होती?’ खरं उत्तर असं की त्याच्यासाठी नव्हती. त्याचं दुःख मला सोसत नव्हतं, म्हणून मला ते लवकर मिटवायचं होतं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी तो दारात उभा. आत आल्यावर मी म्हटलं, ‘मागच्या वेळी तू म्हणालास करमंना. माझं ते ऐकायचं राहून गेलं. करमंना म्हणजे कसं होतं रे तुला?’

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘सांच्यापारी व्हतं. दिवस मावळला की. लढतीचा सराव संपला की आंग धुतो, आणि मग... आत्ता घरात धार काढायची येळ असती. आई म्हशीखाली बसल्याली असती. मी वासरू धरतो न्हवं, मीच धरतो. आता कोण धरत असंल?’ पुन्हा गप्प. ‘दोन हुत्या. एक इकली, माझ्या खुराकापायी. मी दूध पितो तवा मला तीच दिसती. घशाखाली उतरंना.’

‘आणि कुस्ती?’

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. ‘कुस्ती सोडायची न्हाई मला. कोण म्हटलं सोडायची?’

मीच म्हटलं होतं. दोन आठवडे ते पोरगं माझा सल्ला पोटात घेऊन फिरत होतं, की मॅडमना सुद्धा वाटतं मी कुस्ती सोडावी.

त्या दिवशी मी त्याला सरळ विचारलं, जीव द्यावा असं मनात येतं का. हा प्रश्न विचारायला सगळ्याच नवख्यांचे पाय लटपटतात. विचारल्यानं विचार डोक्यात घातला जाईल अशी भीती असते. तसं होत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. तो ‘न्हाई’ म्हणाला, आणि मग आपणहून म्हणाला, ‘पळून जावं वाटतं. येष्टीत बसावं आणि जावं. स्टँडवर दोनदा जाऊन आलो.’ ते मी लिहून घेतलं आणि मॅडमना सांगेन असंही त्याला सांगितलं. त्याची हरकत नव्हती.

घरी जाताना मनात एकच चालू होतं. हे गावच मुळी घर सोडून आलेल्या पोरांचं आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये पहिलं वसतिगृह काढलं, मग एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी राहिली. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नाही. तालमी त्याच्याही आधीच्या, आणि १९१२ चं कुस्तीचं खासबाग मैदान म्हणजे त्या पोरांचं स्वप्न. आपण त्या पोरांच्या पदव्या मोजल्या, गदा मोजल्या. सव्वाशे वर्षं दिवेलागणीला या गावातल्या किती खोल्यांतून पोरं न करमता बसली असतील, हे कुणी मोजायला गेलं नाही. गदा आणि पदव्या खऱ्याच आहेत, त्यांनी पिढ्या वर आणल्या. पण त्या संध्याकाळीही तेवढ्याच खऱ्या आहेत. प्रत्येक तालमीत, प्रत्येक बोर्डिंगात आठवड्यातून एक दिवस ऐकणारं एक माणूस बसावं, एवढं माझं मागणं आहे.

आणि ते माणूस शिकलेलं असावं. याबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं केलेल्या, प्रौढांपैकी १० टक्क्यांहून जास्त लोकांना मानसिक आजार आढळले आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. इतकी गरज असताना दोन दिवसांची शिबिरं करून लोक समुपदेशकाची पाटी लावतात, आणि दोनतीन वर्षं शिकलेल्या मुलींना अकरा महिन्यांच्या करारावर, तेही तासावर, नेमतात. एका शाळेत माझ्या मैत्रिणीला समुपदेशक म्हणून घेतलं आणि वर्षभर बदली तासिकांवर पाठवलं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशकांसाठी तसं काही नव्हतं, २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यानं आता कुठं सुरुवात झाली आहे. ती पुरी व्हायला हवी, आणि त्यात भाषेचा पेपर असायला हवा. कोल्हापुरात बसणाऱ्याला कोल्हापूरचं दुःख ज्या शब्दांत येतं ते शब्द ऐकता यायला हवेत. गडचिरोलीत बसणाऱ्याला तिथले.

मुलगा पुढं सात वेळा आला. मी त्याला काही सुचवलं नाही. चौथ्या भेटीत त्यानंच सांगितलं की त्यानं संध्याकाळी आईला फोन लावायला सुरुवात केलीय, धारेच्या वेळी. आई फोन गोठ्यातल्या फळीवर ठेवते. बोलत नाहीत दोघंही फारसं. चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज ऐकतो, म्हणाला. चरवी भरत आली की तो आवाज जाड होतो, त्यावरून किती दूध निघालं ते त्याला कळतं. ‘साडेतीन लिटर हुतं काल’, असं त्यानं सांगितलं तेव्हा तो हसत होता.

सहाव्या भेटीला त्याचे वडील आले. मुलानंच बोलावलं होतं. पायजमा, टोपी, हातात बाजाराची पिशवी. करकरणाऱ्या चपला त्यांनी दाराबाहेर काढून ठेवल्या, नको म्हटलं तरी. खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, ‘काय बिघडलंय मॅडम ह्याचं? कुस्ती सोडतोय का?’

मी मुलाकडे बघितलं. तो खिडकीकडे बघत होता. खुर्च्या काटकोनात होत्या, कुणाला कुणाकडे बघायची सक्ती नव्हती. बाहेर मैदानावर कुणीतरी चेंडू आपटत होतं.

‘मला करमंना, आबा’, तो म्हणाला.

वडील पिशवीचे बंद चाचपत राहिले. मग खिडकीकडेच बघत म्हणाले, ‘आम्हाला तरी कुठं करमतंय रं.’

त्या दिवशीच्या व्हर्बेटिममध्ये या ओळीपुढे दुसरा रकाना कोरा आहे. चौथ्या रकान्यातही मी काही लिहिलेलं नाही.